कॉम्प्युटर नाही म्हणून इंटरनेट नको?

सध्या एक मेसेज खूप फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: घरी कॉम्प्युटर नसेल तर इंटरनेटवर पैसे घालवू नका. फोनवर फक्त व्हिडिओ बघून होतात, टीव्हीवर इंटरनेट कधी चाललंच नाही, जुनी यंत्रं धोक्याची असतात. आधी लॅपटॉपसाठी पैसे साठवा, कनेक्शनचं मग बघू. ज्या घरात आधीच काटकसर चालू आहे, तिथे असा सल्ला ऐकून मुलांचा अभ्यास आणि नोकरीचे अर्ज वर्षभर लांबू शकतात. म्हणून त्याला मुद्देसूद उत्तर द्यायला हवं.

"फोनवर फक्त व्हिडिओ." ऑक्टोबर २०१६ मध्येच वेबवापर मोजणाऱ्या स्टॅटकाउंटर कंपनीच्या जागतिक मोजणीत मोबाइल आणि टॅब्लेटवरचा वेबवापर कॉम्प्युटरच्या पुढे गेला होता. प्रोसेसर, मेमरी, ऑपरेटिंग सिस्टिम हे सगळं फोनमध्ये असतंच. कमी पडतो तो कीबोर्ड आणि मोठा पडदा. बोटभर जागेत दोन पानं टाइप करणं जिकिरीचं आहे, हे खरं. पण अँड्रॉइड फोनला ब्लूटूथ कीबोर्ड थेट जोडता येतो. साधा यूएसबी कीबोर्ड असेल तर बहुतेक फोनवर तो छोट्या ओटीजी अडॅप्टरने (फोनच्या चार्जिंगच्या जागी यूएसबी वस्तू लावायचा जोड) चालतो. माउस लावला की पडद्यावर बाण दिसतो. आयफोनवरही २०१९ च्या आयओएस १३ पासून माउस चालतो, फक्त तो सेटिंगमधल्या असिस्टिव्हटच या सोयीतून चालू करावा लागतो. मग गुगल डॉक्समध्ये बायोडेटा लिहा, पीडीएफ करा, कॅमेऱ्याने प्रमाणपत्रं स्कॅन करा आणि अर्जाला जोडा. मराठी बोलून टाइप करायची सोयही जीबोर्ड या गुगलच्या कीबोर्ड ॲपमध्ये आहे. मोठ्या एक्सेल शीट्स, प्रोग्रामिंग, काही खास सॉफ्टवेअर यांसाठी मात्र कॉम्प्युटर लागतो. ज्यांचं काम तेच आहे त्यांनी तो जरूर घ्यावा.

"टीव्हीवर कधी चाललंच नाही." हे साफ खोटं आहे. टीव्हीवर इंटरनेट येण्याच्याही आधीचं फ्रान्सचं उदाहरण बघा. तिथे १९८२ पासून टेलिफोन खात्याने ग्राहकांना मिनिटेल नावाचं साधं टर्मिनल फुकट दिलं. घरात कॉम्प्युटर नसलेले लोक त्यावर फोन नंबर शोधत, रेल्वेची तिकिटं काढत, बँकेचे व्यवहार करत. ती सेवा २०१२ पर्यंत टिकली. इंटरनेटसाठी टीव्हीला जोडायचा वेबटीव्ही नावाचा डबा १९९६ साली आला, पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टने तो विकत घेतला आणि २०१३ पर्यंत चालवला.

आज टीव्हीचा उपयोग फोनचा मोठा पडदा म्हणून करावा. केबलने जोडायचं असेल तर आधी खात्री करा, कारण प्रत्येक फोनच्या यूएसबी-सी पोर्टमधून (चार्जिंगच्या जागेतून) चित्र बाहेर येत नाही. केबल घेऊन मग हे कळलं तर पैसे वाया. वायरलेस जोडणीत टाइप केलेलं अक्षर किंचित उशिरा उमटतं, वाचायला आणि ऑनलाइन शिकवणीचे तास बघायला काही अडत नाही. टीव्हीतल्या ब्राउझरवर रिमोटने एकेक अक्षर निवडत बसणं मात्र मी कुणाला सुचवणार नाही, आणि बँकेचा पासवर्ड तर तिथे टाकूच नका.

"जुनी यंत्रं धोक्याची." हे अर्धं खरं आहे. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये सिक्युरिटी अपडेटची तारीख दिसते. ती फार जुनी असेल तर त्या फोनवर पैशांचे व्यवहार नकोत; वाचन आणि तास यांपुरता तो ठेवा. वापरलेला फोन घेताना आधीच्या मालकाला समोरच त्याचं खातं काढायला सांगा, नाहीतर रिसेट केल्यावर फोन त्याच खात्याचा पासवर्ड मागत बसतो. बॅटरी फुगलेली असेल तर हातही लावू नका.

"आधी लॅपटॉप, मग कनेक्शन." क्रम नेमका उलटा हवा. लॅपटॉपचा खर्च एकदा होतो, कनेक्शनचा दरमहा. संयुक्त राष्ट्रांच्या ब्रॉडबँड आयोगानेही प्राथमिक ब्रॉडबँडचा खर्च दरडोई मासिक उत्पन्नाच्या २ टक्क्यांखाली आणायचं उद्दिष्ट ठेवलं. वाचन, ईमेल आणि अर्ज एवढंच असेल तर फोनचा डेटा पुरतो. एचडी व्हिडिओला तासाला साधारण ३ जीबी जातात, दर्जा कमी केला तर १ जीबीच्या आसपास. घरातले तिघे-चौघे रोज तास बघणार असतील तरच वायरचं कनेक्शन आणि वायफाय परवडतं. लॅपटॉप आल्याने डेटा वाचत नाही, उलट त्याचे अपडेटच बराच खातात.

उरतात त्या फोनवर नीट न उघडणाऱ्या वेबसाइट. ब्राउझरच्या मेनूत "डेस्कटॉप साइट" निवडलं की त्यांतल्या बऱ्याच चालतात. तरीही अडलं तर संबंधित कार्यालयाला लेखी कळवा. डब्ल्यूसीएजी २.१ हे वेब सुलभतेचे निकष २०१८ पासून आहेत, आणि मजकूर ३२० पिक्सेल रुंदीत आडवं सरकवावं न लागता वाचता आला पाहिजे, असं त्यांत स्पष्ट लिहिलं आहे. तक्रारीत निकषाचा क्रमांक १.४.१० टाका आणि अडलेल्या पानाचा स्क्रीनशॉट जोडा.