पडदा वरूनच का फाडायचा? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

ताई, सप्रेम सलाम.

येशूच्या मरणामुळे माणूस देवाच्या जवळ कसा आला, हे घरच्या प्रार्थनेत मुलांना कसं शिकवावं, यावरच्या आमच्या लेखाला तुम्ही तीन हरकती घेतल्यात. देव सगळीकडे आहेच, मग जवळ जायला कुणाचं मरण कशाला? कोवळ्या मुलांपुढे रक्त आणि खिळे कशाला? आणि दाराला पडदा लावून तो फाडणं हे निव्वळ नाटक. तिसरी हरकत आधी घेतो, कारण पहिलीचं उत्तर त्या पडद्यातच आहे. यरुशलेमच्या मंदिरातली सर्वांत आतली खोली, म्हणजे परमपवित्रस्थान, पडद्याआड होती. येशू मेला तेव्हा तो पडदा फाटला. तेच घरी दाराला कापड टांगून दाखवायचं.

नाटक होतं ते घाईमुळे. पडदा टांगला आणि पाच मिनिटांत फाडला, तर मुलाच्या लक्षात राहते ती फाडण्याची मजा. पडद्याने अडवलेलं त्याला जाणवतच नाही. म्हणून पडदा तीन-चार दिवस दारात राहू द्या आणि त्या खोलीत कुणीही जायचं नाही असं ठरवा. रोज रात्री बायबलमधल्या लेवीय पुस्तकाच्या 16व्या अध्यायातला थोडा थोडा भाग सांगा. महायाजक, म्हणजे मुख्य पुरोहित, वर्षातून एकाच दिवशी पडद्याआड जाई. त्या दिवशी भरजरी पोशाख नाही, साधी लिननची (जवसाच्या धाग्याची) वस्त्रं. आधी धूप, मग स्वतःच्या पापांसाठी गोऱ्ह्याचं रक्त, मग लोकांसाठी बकऱ्याचं. निवासमंडपातलं (मंदिराआधीच्या तंबूतलं) परमपवित्रस्थान 10 हात लांब, 10 हात रुंद, 10 हात उंच, म्हणजे साधारण 15 फूट. गच्चीवर खडूने आखून दाखवा. एवढीशी जागा, आणि अख्ख्या राष्ट्रातून एकच माणूस, एकच दिवस. हे पोटात उतरलं की पुढचं फार सांगावं लागत नाही.

कापड मांजरपाटाचं घ्या, दोनेक मीटर. काठ दोन्ही बाजूंना येतील असं टांगा आणि वरच्या कडेला बरोबर मध्ये इंचभर कात्री मारून ठेवा, म्हणजे सरळ खालपर्यंत फाटतं. पॉलिएस्टरची जुनी साडी नको. ती ताणली जाते, लवकर फाटत नाही, आणि नको त्या क्षणी सगळे हसतात.

आता फाडायचं कुणी? बहुतेक घरांत हा मान हौसेने धाकट्याला देतात. इथेच अर्थ उलटा होतो. शुभवर्तमान लिहिणारे मत्तय आणि मार्क दोघेही मुद्दाम सांगतात की पडदा वरपासून खालपर्यंत फाटला. माणसाने खालून ओढून वाट केली नाही, देवाने वरून उघडली. म्हणून मोठ्या माणसाने स्टुलावर उभं राहून वरून फाडायचं. मुलांनी समोर बसून बघायचं, आणि मग आत जायचं.

मराठी शास्त्रात निर्गमाच्या पुस्तकात या पडद्याला अंतरपट म्हटलंय. लग्नातला अंतरपट मुलांनी पाहिलेला असतो, त्याचा उपयोग करा, पण फरकही सांगा. तो बाजूला सारतात, घडी करून ठेवतात, पुढच्या लग्नाला पुन्हा धरतात. हा फाटला. इब्री 10 मध्ये तर हा पडदा म्हणजे येशूचा देहच, असं म्हटलंय. त्याच्या मरणाचा आणि आपल्या आत जाण्याचा सांधा इथे आहे.

रंगत आणायला तीन गोष्टी सर्रास सांगितल्या जातात, त्या टाळा. महायाजकाच्या पायाला दोरी बांधत, हे पवित्र शास्त्रात कुठेही नाही. पडदा वीतभर जाड होता, हेही नाही. मिश्ना या ज्यूंच्या जुन्या नियमसंग्रहात चार बोटं जाड म्हटलंय, पण ते ज्यू परंपरेतलं वर्णन आहे, शास्त्रवचन नव्हे. आणि येशूच्या काळातल्या मंदिराच्या चित्रात पडद्यामागे कराराचा कोश (दहा आज्ञांच्या पाट्यांची पेटी) काढू नका. बाबेलच्या स्वारीनंतर तो तिथे नव्हता. खोली रिकामी होती.

तुमची पहिली हरकत खरी जड आहे. देव सगळीकडे आहे हे स्तोत्र 139 सांगतंच. पण एकाच घरात अबोला धरलेली दोन माणसं हाताच्या अंतरावर असूनही दूर असतात. पापाने पडलेलं अंतर त्या जातीचं आहे, आणि इथे अबोला आपण धरलेला आहे. मुलांना हे 'सर्वव्यापी' या शब्दापेक्षा लवकर कळतं. घरातल्या आजी-आजोबांकडे देवळाच्या पायरीबाहेर थांबवल्याच्या आठवणी असतील तर त्या जरूर सांगू द्या. इफिस 2:13 मधलं 'दूर' आणि 'जवळ' तिथे जिवंत होतं. फक्त एक सरमिसळ नको. देवळाच्या पायरीशी माणसाने माणसाला जन्मावरून अडवलं. यरुशलेमातल्या पडद्यापुढे पहिला महायाजक अहरोन याच्या वंशातला याजकही अडत होता, कारण प्रश्न पापाचा होता.

दुसरी हरकत अर्धी मान्य. सहा वर्षांखालच्या मुलांना खिळे, चाबूक, काट्यांचा मुकुट यांचं वर्णन नकोच. त्यांच्यासाठी 'येशू आपल्यासाठी मेला, दार उघडलं, तो पुन्हा उठला' एवढं पुरे. पण मरण वगळू नका, नाहीतर पडदा आपोआप फाटला असं होतं. 'तू खोटं बोललास म्हणून येशूला खिळे ठोकले' हे वाक्य कुठल्याच वयात नको. त्याने मूल देवाजवळ येत नाही, लपतं. 'रागावलेल्या बापाने मुलाला मारलं' हेही नको. योहान 10:18 मध्ये येशू म्हणतो की माझा प्राण कुणी हिरावून घेत नाही, मी आपण होऊन देतो. आणि 2 करिंथ 5:19 प्रमाणे ख्रिस्ताच्या ठायी देव स्वतःच जगाशी समेट करत होता. आठ-दहा वर्षांच्या मुलांना ही दोन वचनं शेजारी शेजारी ठेवून वाचायला द्या, आणि मग त्यांना विचारू द्या.

फाटलेलं कापड लगेच काढू नका. आठवडाभर तसंच लटकू द्या आणि त्या दिवसांत घरची प्रार्थना आतल्या खोलीत घ्या, म्हणजे रोज संध्याकाळी सगळ्यांना त्या फटीतूनच आत जावं लागेल.