म्हणे, एका रविवारात रीफ टाकी मोठी करा!

भाच्याचा फोन रात्री साडेदहाला आला. "मामा, रविवारी टाकी हलवतोय. जुनी वाळू तशीच उचलून टाकायची ना?" हे तुला कोणी सांगितलं, असं विचारलं तर उत्तर देण्याऐवजी त्याने तो मजकूर पाठवला. गेल्या दोन महिन्यांत तो मला चौथ्यांदा आला. आधी तीनदा वाचून सोडून दिला होता. या वेळी मात्र भाच्याच्या टाकीत मीच दिलेली हॅमर कोरलची, म्हणजे एका प्रवाळाची, फांदी आहे आणि ती आता चांगली मुठीएवढी झाली आहे. म्हणून लिहायला बसलो.

मजकूर असा: शंभर लिटरची रीफ टाकी (खाऱ्या पाण्याची, मासे आणि कोरल असलेली) पाचशेची करणं एका रविवारचं काम आहे. टाकी मोठी तितकी कटकट कमी. जुनी वाळू आणि जुनं पाणी जसंच्या तसं नव्या टाकीत ओता. जिवाणू त्यातच असतात, म्हणून सायकलची (अमोनिया पचवणारे जिवाणू टाकीत जम बसवण्याची) वाट बघायला नको. सकाळी सुरू केलंत तर संध्याकाळी मासे आत. अमोनिया एक पीपीएमपर्यंत (लिटरला एक मिलिग्रॅम) चालतो. मासा टाकीच्या मापानेच वाढतो, तेव्हा हवा तो टँग मासा खुशाल आणा. वजनाची भीती नको. फ्रिज-कपाट उभं राहतं तशी टाकीही राहते. आणि दिवा जितका प्रखर तितके कोरल खूश. शेवटी जोडलेले हात आणि 'सर्वांना पाठवा'.

क्रमाने जात नाही. वाळूपासूनच सुरू करतो, कारण बाकीच्या चुका सावकाश भोवतात. ही एका रात्रीत भोवते.

नायट्रिफिकेशन करणारे, म्हणजे अमोनियाचं नायट्रेट करणारे, जिवाणू पाण्यात तरंगत राहत नाहीत, ते पृष्ठभागाला चिकटून राहतात. लाइव्ह रॉकची (जिवाणूंची वस्ती असलेल्या सच्छिद्र खडकाची) छिद्रं, वाळूचे कण, सम्पमधला (फिल्टरच्या जोडटाकीतला) मीडिया, अगदी पाइपच्या आतली बाजूसुद्धा. म्हणजे 'जिवाणू जुन्या पाण्यात असतात' हे सरळ चूक. जुन्या पाण्याबरोबर येतात ते मुख्यतः साठलेले नायट्रेट आणि फॉस्फेट. वाळूवर जिवाणू असतात, हे खरं. पण त्या वाळूत आणखी काय काय असतं, ते मजकूर लिहिणाऱ्याने बादलीत हात घालून कधी पाहिलेलं दिसत नाही.

चार-पाच वर्षांची वाळू वरून पांढरी दिसते. काचेला नाक लावून कडेने पाहिलं तर खाली राखाडी पट्टा असतो आणि कुठे कुठे काळे डाग. वरच्या थरात ऑक्सिजन पोचतो, खाली पोचत नाही. माशांची विष्ठा, न खाल्लेलं अन्न, मेलेली शेवाळं हे सगळं फटींतून खाली झिरपून तिथे बसतं. जिथे ऑक्सिजन संपतो तिथले जिवाणू सल्फेटवर भागवतात आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. काळे डाग हे बहुतेक लोहाच्या सल्फाइडचे. वाळू जागच्या जागी असते तोवर हे थर आपापलं काम करत बसतात, कुणाला त्रास नाही. फावड्याने उपसून नव्या टाकीत ओतलीत की पाच वर्षांचा गाळ एका फटक्यात पाण्यात येतो. त्याचा अमोनिया होतो, गाळ कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातो, फॉस्फेट सुटतो. सल्फाइड असेल तर तो माशाच्या पेशींतलं श्वसनच अडवतो. भोवती ऑक्सिजन असला तरी मासा तडफडतो.

हे मी स्वतः करून बसलो आहे. पहिल्यांदा टाकी मोठी केली तेव्हा मला असंच छातीठोकपणे सांगणारा एक जण भेटला होता, आणि मी ऐकलं. दुपारी तीनला वाळू ओतली. पाणी राखाडी झालं, समोरच्या काचेतून मागची काच दिसेना. वाटलं, गाळ आहे, बसेल. सहाच्या सुमाराला खोलीत सडक्या अंड्यांचा मंद वास येऊ लागला. आठ वाजता दोन्ही क्लाउनफिश पाण्याच्या वर तोंड काढून, कल्ले भराभर हलवत. फायरफिश कुठेच दिसेना. तो दुसऱ्या दिवशी रॉकच्या मागे सापडला. अमोनिया मोजायच्या किटच्या नळीत पिवळा रंग यायला हवा होता, आला गडद हिरवा. रात्रभर कार्बन बदलत आणि पाणी बदलत बसलो. सकाळी एक क्लाउन शिल्लक होता.

तेव्हा वाळू नवी घ्या किंवा जुनी धुऊन घ्या. धुणं म्हणजे दोनदा खळबळून सोडणं नव्हे. थोडी थोडी बादलीत घ्यायची, हाताने घुसळायची, ओतायची, पुन्हा पाणी घालायचं. वरचं पाणी नितळ येईतोवर. नळाच्या पाण्याने जिवाणू मरतील ना? मरतील, मरू देत. तुमचा खरा फिल्टर रॉकमध्ये आहे, आणि रॉक ओला ठेवून हलवलात तर तो जवळजवळ सबंध तुमच्याबरोबर येतो. वाळूतले किडे आणि बारीक जीव हवेच असतील तर धुण्याआधी वरच्या थरातली वाटीभर वाळू हलक्या हाताने बाजूला काढा आणि ती शेवटी पसरा.

इथे नाइलाजाने एक मान्य करायला हवं. रॉक सगळा तोच असेल, मासे तेवढेच असतील, तर नवी टाकी अगदी शून्यापासून सायकल करावी लागत नाही, ही मजकुरातली गोष्ट निम्मी खरी आहे. पण ती खरी आहे रॉकमुळे. श्रेय मात्र त्याने पाण्याला आणि वाळूला देऊन टाकलंय! आणि तरीही पहिले दोन आठवडे रोज अमोनिया मोजायचाच.

त्यावरून तो 'एक पीपीएमपर्यंत चालतो'. हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं, कारण ते ऐकणारा माणूस वाळूची चूक झाल्यावरसुद्धा हातावर हात धरून बसेल.

आपलं किट दाखवतं तो एकूण अमोनिया. तो दोन रूपांत असतो: अमोनियम, जो तुलनेने निरुपद्रवी, आणि मुक्त अमोनिया, जो कल्ल्यांतून आत शिरतो आणि मारतो. यातलं कुठलं रूप किती, हे पीएच आणि तापमानावर ठरतं. १९७५ साली इमर्सन, रुसो, लुंड आणि थर्स्टन या चौघांनी कॅनडाच्या मत्स्यसंशोधन मंडळाच्या नियतकालिकात याचं गणित आणि तक्ते छापले, आणि मत्स्यपालनात आजही त्यांचा आधार घेतला जातो. २५ अंशांना पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी मुक्त भाग जेमतेम अर्धा टक्का. तेच पीएच ८.२ ला, म्हणजे आपल्या रीफ टाकीच्या रोजच्या पीएचला, आठ टक्क्यांच्या आसपास. हे तक्ते गोड्या पाण्याचे आहेत. खारटपणामुळे आकडा थोडा उतरतो, सात धरू. म्हणजे एक पीपीएम एकूण अमोनियात ०.०७ मुक्त. माशांसाठी दीर्घकाळ ०.०२ च्या वर जाऊ देऊ नये, असं साधारण मानतात. तिपटीहून जास्त झालं हे!

म्हणूनच मला खात्री वाटते की हे वाक्य गोड्या पाण्याच्या टाकीतून उचललंय. तिथे पीएच ७ ला एक पीपीएम म्हणजे मुक्त अमोनिया ०.००६ च्या आत, मासा मरगळतही नाही. कुणीतरी तिथला अनुभव इकडे चिकटवला आणि रोग म्हशीला, औषध पखालीला असं झालं. रीफमध्ये अमोनिया दिसला की उत्तर एकच: खायला घालणं थांबवा, पाणी बदला, हवा वाढवा.

आता तो रविवार. शंभर लिटर जुनं पाणी पाचशेच्या टाकीत ओतल्यावर उरलेले चारशे लिटर कुठून येणार, याबद्दल मजकुरात अवाक्षर नाही. ते आरओ-डीआयच्या, म्हणजे गाळून क्षार काढलेल्या, पाण्यातून येतं. घरगुती युनिटचं मेम्ब्रेन दिवसाला ७५ गॅलनचं, म्हणजे पूर्ण क्षमतेने चाललं तर सुमारे २८० लिटर. चारशे लिटरला दीड दिवस, तोही सगळं सुरळीत चाललं तर. मग लिटरला ३६-३७ ग्रॅम या हिशेबाने पंधरा किलोच्या आसपास सॉल्ट मिक्स, ते पावरहेड (पाणी फिरवणारा छोटा पंप) लावून दिवसभर फिरवायचं, तापमान आणायचं, रिफ्रॅक्टोमीटरने मोजून खारटपणा जुन्या टाकीशी जुळवायचा. त्याआधी नुसत्या गोड्या पाण्याने गळती-चाचणी. म्हणजे हा रविवार मंगळवारी तरी सुरू करायला हवा. जागा असेल तर दोन्ही टाक्या काही आठवडे एकत्र चालू ठेवा आणि कोरल थोडे थोडे हलवा. जागा तीच असेल तर मोठे पिंप, त्यात हीटर आणि पावरहेड, आणि मासे-रॉक एक-दोन दिवस त्यात. याला शॉर्टकट नाही. मी शोधून झालंय.

'टाकी मोठी तितकी कटकट कमी'? पाणी जास्त म्हणून तापमान सावकाश चढतं-उतरतं, एखादा मासा रॉकमागे मेला तर त्याचा भार पातळ होतो, हे बरोबर. नवशिक्याला नॅनोपेक्षा (अगदी छोट्या टाकीपेक्षा) मोठी टाकी जास्त चुका माफ करते, हेही मी स्वतः सांगत असतो. पण स्थिरता वेगळी आणि काम वेगळं. शंभर लिटरच्या टाकीचं दहा टक्के पाणी बदलणं म्हणजे एक बादली. पाचशेच्या टाकीचं म्हणजे पाच बादल्या, दर आठवड्याला, आणि पाचांच्या पाच मोजून मिसळलेल्या. कोरल दगडी असतील आणि टाकी दिवसाला एक डीकेएच अल्कॅलिनिटी (कोरलच्या सांगाड्याला लागणारे पाण्यातले कार्बोनेट; डीकेएच हे त्याचं माप) खात असेल, तर शंभर लिटरला खायचा सोडा दिवसाला तीन ग्रॅम लागतो, पाचशेला पंधरा. वर्षाला साडेपाच किलो! शिवाय तेवढंच कॅल्शियम बरोबरीने. ठरलेला डोस आपोआप सोडणारा डोसिंग पंप लावाल, लावायलाच हवा. पण पंपाची नळी तुंबते तेव्हा ती मोठ्या टाकीचीही तुंबते. हीटरही एकच दांडगा घेऊ नका, दोन मध्यम घ्या. एक चालू स्थितीत अडकला तर टाकी शिजत नाही आणि एक बंद पडला तर ती गोठत नाही.

वजनाचं. १५० बाय ६० बाय ६० सेंटिमीटरची टाकी धरा. काठोकाठ ५४० लिटर, समुद्राच्या पाण्याने साडेपाचशे किलो. १२ मिलिमीटर काच शंभर किलो. त्यावर वाळू, रॉक, कॅबिनेट आणि भरलेला सम्प. रॉक थोडं पाणी बाजूला सारतो, ते वजा करूनही आकडा आठशेच्या पुढे जातो. आणि तो उभा आहे एक चौरस मीटरपेक्षाही कमी जागेवर. राहत्या घरांची जमीन बहुतेक ठिकाणी चौरस मीटरला दीडशे ते दोनशे किलो वापराचा भार धरून बांधतात. आता लगेच जमीन खचेल, असं मी म्हणत नाही. तो आकडा सगळ्या खोलीभर पसरलेल्या भाराचा असतो, आणि तुळईवर किंवा भारवाहू भिंतीला लागून ठेवलेल्या टाक्या वर्षानुवर्षं उभ्या असतात. पण कुठे तुळई आहे, हे फ्रिज बघून कळत नाही. तळमजला नसेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. फ्रिज शंभर किलोचा असतो हो!

टँगचं एका दमात उरकतो. मासा फूटपट्टी लावून वाढत नाही. निळा हिपो टँग दुकानात पाच सेंटिमीटरचा असतो आणि समुद्रात तीसपर्यंत जातो. लहान टाकीत तो 'मापात' राहिलेला दिसला तर तो खुरटलेला असतो. आणि टँग आधी नको, शेवटी हवा. आधी आलेला टँग सगळी टाकी आपली समजतो आणि नंतर येणाऱ्या प्रत्येकाला शेपटीजवळचं पातं दाखवतो.

दिव्याबद्दल तर काय बोलायचं. नवा, जास्त ताकदीचा दिवा पहिल्याच दिवशी पूर्ण चढवलात तर कोरल आपल्या ऊतींतलं शैवाल बाहेर टाकून पांढरे पडतात. चाळीस-पन्नास टक्क्यांवर सुरू करून काही आठवड्यांत हळूहळू चढवा. पुढे.

भाच्याला हे सगळं फोनवरच सांगितलं, जरा चढ्या आवाजात. तो म्हणाला, "पण मामा, मी रविवारी मित्रांना बोलावलंय हलवायला." म्हटलं, येऊ दे त्यांना, बादल्या धरायला लागतीलच. रविवारी त्याने फोटो पाठवला. नवी टाकी नुसत्या गोड्या पाण्याने भरलेली, कॅबिनेटवर जोडाखाली चारी बाजूंनी कोरडा कागद पसरलेला, आणि बाल्कनीत तीन मित्र वाळू धूत बसलेले. खाली लिहिलं होतं, "सातवी बादली. अजून गढूळ."