दहा जणांत कोणाला धरायचं?

पुणेकराला ससून म्हटलं की हॉस्पिटल आठवतं. फार तर कॅम्पातलं लाल देऊळ, म्हणजे ज्यूंचं सिनेगॉग, प्रार्थनास्थळ. मला मात्र ससून भेटले ते इंग्लंडात, ब्रायटनच्या समुद्राजवळ.

केम्पटाउन भागात एक घुमटाची इमारत आहे, बघताक्षणी आपल्याकडची वाटावी अशी. पुण्यातलं हॉस्पिटल ज्याच्या नावाचं, त्या ज्यू व्यापारी डेव्हिड ससूनचा मुलगा सर अल्बर्ट याने १८९२ साली स्वतःच्या कबरीसाठी ती बांधून घेतली. १८९६ मध्ये त्याला तिथे पुरलं. १९३३ मध्ये घरच्यांनी अवशेष लंडनला हलवले, वास्तू विकून टाकली आणि पुढे ती चक्क एका पबचा भाग झाली. बाप मात्र लाल देवळाच्या आवारात अजून निवांत आहे.

फोटो पाठवला तर सगळ्यांचं एकच, ‘अरेरे!’ मला काही अरेरे वाटलं नाही.

मिडल स्ट्रीटचं सिनेगॉगही तसंच. १८७५ चं, म्हणजे आपल्या ससून डॉकच्याच वयाचं. लोखंडी खांब, रंगीत काचा, ससूनांच्या देणग्या, काय थाट! पण वस्ती शेजारच्या होव्हकडे सरकली आणि तिथली रोजची प्रार्थना थांबली. माणसं गेली तिकडे देव गेला, एवढंच.

होव्हमध्ये परंपरा कडक पाळणारे ऑर्थोडॉक्स वेगळे, सुधारणावादी रिफॉर्म वेगळे, उदारमतवादी प्रोग्रेसिव्ह आणखी वेगळे. ब्रायटन आणि होव्हमधले ज्यू सगळे मिळून अडीच हजारांच्या आसपास. आपला माणूस लगेच म्हणणार, ‘मंडळ फुटलं वाटतं!’ (परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांचा अनुभव दांडगा ना.) पण इथलं भांडण खुर्चीचं नाही. सामुदायिक प्रार्थनेला दहा प्रौढ माणसं लागतात, रब्बी नसला तरी चालतं. तो पुजारी नव्हे. शिकलेला माणूस, मंडळीनेच निवडलेला, पगारही तिनेच द्यायचा. खरा प्रश्न असा की त्या दहांत बाई धरायची का? ऑर्थोडॉक्स नाही म्हणतात, प्रोग्रेसिव्ह हो म्हणतात. होव्हच्या प्रोग्रेसिव्ह मंडळींच्या रब्बी २००० ते २०२१ या काळात एली तिक्वा सारा होत्या. बाई, आणि आपण लेस्बियन आहोत हे उघड सांगणाऱ्या. आता यावर मधला मार्ग कसा काढणार? माणूस एक तर मोजला जातो, नाही तर नाही. दर शनिवारी एका छताखाली कुढत बसण्यापेक्षा दोन दरवाजे केलेले बरे, असं माझं स्पष्ट मत.

आणि यात आपण मागे नव्हतो हं. होव्हची ही मंडळी १९३५ ची. त्याच्या दहा वर्षं आधी, १९२५ मध्ये, मुंबईत बेने इस्रायल या मूळ कोकणातल्या ज्यू समाजातल्या डॉ. जेरुशा झिराड यांनी उदारमतवादी ज्यूंची संघटना उभी केली होती. बाई डॉक्टर, आणि बोलणं मराठीतलं!

कोकणातल्या बेने इस्रायलांकडे तर पूर्वापार रब्बी नव्हताच. प्रार्थना हजान म्हणायचा. अलिबागच्या इस्रायल आळीत सिनेगॉग अजून उभं आहे. बहुतेक घरं इस्रायलला गेली. आता तिथे प्रश्न दहांत कोणाला धरायचं हा नाही, दहा आणायचे कुठून हा आहे.