ओटीपी कुणाच्या फोनवर येतो?

‘आभा’ कार्डाचा, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा, विषय निघाला की आमच्या घरच्या ग्रुपवर दोन तट पडतात. मावशीला सगळे रिपोर्ट एका जागी मिळाले की बरं वाटतं, भावाला माहिती फुटण्याची भीती वाटते. मला धास्ती वेगळीच. आपल्याकडे कित्येक घरांत कार्ड बायकोचं आणि त्याला जोडलेला मोबाइल नवऱ्याचा असतो, म्हणजे ओटीपीही त्याच्याकडेच.

इंग्लंडला हा प्रश्न आधीच भेडसावलाय. जीपीनं, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरनं, लिहिलेली नवी नोंद पेशंटला एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेच्या ॲपवर दिसण्याची सोय २०२३मध्ये बंधनकारक झाली. नवऱ्यानं फोन हिसकावून घेतला तर? म्हणून जीपींना सूचना आहे: घरी मार खाणारी बाई सांगते ते तिच्या शब्दांत लिहा, जखमांचं वर्णन लिहा, पण ती नोंद ॲपवर दिसू देऊ नका. नवराही त्याच डॉक्टरांचा पेशंट असेल, तर तिनं सांगितलेलं त्याच्यापर्यंत पोचता कामा नये.

लिहायचं तरी कशाला? ब्रिस्टल आणि लंडनच्या हॅकनीमध्ये दवाखान्यांना घरातल्या हिंसेबद्दल प्रशिक्षण देण्याचा ‘आयरिस’ नावाचा प्रयोग झाला. २०११ साली निकाल छापून आला. प्रशिक्षण मिळालेल्या २४ दवाखान्यांत वर्षभरात हिंसेच्या ६४१ नोंदी, बाकीच्या २४मध्ये २३६. मदतनीसांकडे पाठवल्याच्या नोंदी २२३, तिकडे फक्त १२. मार तिथल्या बायकाही खात असणार, विचारत कुणी नव्हतं.

इंग्लंडमध्ये सगळं आलबेल आहे असं मात्र नाही. दहा मिनिटांची अपॉइंटमेंट, आणि लग्न होऊन नुकत्याच आलेल्या मुलीला इंग्रजी जमत नसेल तर दुभाष्या म्हणून शेजारी नवराच. बाहेरचा दुभाष्या मागता येतो, हे तिला सांगायचं कुणी?

आपले फॅमिली डॉक्टर तीन पिढ्या ओळखतात, सासूचं बीपीही तेच तपासतात. म्हणून केसपेपरवर ‘जिन्यावरून पडली’ येतं. हीसुद्धा नोंदच, फक्त नवऱ्याच्या सोयीची. पुढे २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली ती दाद मागायला गेली, की हाच कागद तिच्यावर उलटू शकतो. पण डॉक्टरांना सरसकट भित्रं म्हणणं मला पटत नाही, कारण चिठ्ठी तिच्या पर्समधून थेट त्याच घरात जाते. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ संस्थेनं हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठी सुरू केलेलं ‘दिलासा’ केंद्र आहे. गल्लीतल्या दवाखान्यामागे असं कोण उभं असतं?

तरी एवढं आजही जमेल. सासूला बाहेर बसवून विचारायचं. चिठ्ठीवर फक्त औषधं लिहायची, बाकी सगळं तारखेसकट दवाखान्याच्या वहीत. आणि ‘आभा’वर काही चढवण्याआधी, नंबर कुणाचा ते तिलाच एकटीला विचारायचं.