रंग बदलला नाही, म्हणून बोअरचे पाणी निर्धोक ठरत नाही

"धातूच्या कॉम्प्लेक्सपासून बनवलेल्या सेन्सरचे दोन थेंब बोअरच्या पाण्यात टाका, रंग बदलला तर शिसे किंवा पारा आहे, नाही बदलला तर पाणी निर्धोक, प्रयोगशाळेत जायची गरज नाही," असा संदेश मराठवाड्यात गावोगाव फिरतो आहे. विहिरी आटल्या की बोअर आणि टँकरवर दिवस काढणाऱ्या आपल्या भागात हा संदेश जिवाशी खेळणारा आहे.

रंग बदलतो, एवढे खरे. कॉम्प्लेक्स म्हणजे मध्यभागी धातूचा अणू आणि त्याला जोडलेले इतर अणूंचे गट. थायोसायनेट हा गंधक असलेला गट जोडलेल्या रुथेनियम धातूच्या कॉम्प्लेक्समध्ये गंधकाचे अणू पाऱ्याला धरतात, आतली इलेक्ट्रॉनांची मांडणी हलते आणि द्रावणाचा लालसर रंग नारिंगीकडे सरकतो.

परंतु रंग न बदलणे म्हणजे पाणी निर्धोक, हे साफ चूक आहे आणि सर्वाधिक घातकही. भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे शिसे १० मायक्रोग्रॅम आणि पारा १ मायक्रोग्रॅम, एवढीच मर्यादा आहे. नुसत्या डोळ्यांना फरक दिसण्यासाठी अशा बहुतेक सेन्सरांना लिटरमागे साधारण १ मायक्रोमोल (मोल हे अणूंची संख्या मोजण्याचे एकक) धातू लागतो. शिशाच्या बाबतीत ते २०७ मायक्रोग्रॅम होतात, म्हणजे मर्यादेच्या वीसपट, तर पाऱ्याच्या बाबतीत दोनशेपट. मर्यादेच्या दहापट शिसे असलेले पाणीही परीक्षानळीत तसेच्या तसे दिसू शकते, आणि तेच पाणी लेकरांच्या पोटात जाते.

रंग बदलला म्हणजे शिसेच, हेही धरून चालता येत नाही. जुन्या पाइपातले लोह किंवा तांबे अनेक कॉम्प्लेक्सना फसवते. शिवाय आपल्याकडच्या जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम शिशाच्या हजारो पट असतात, तर कित्येक सेन्सरांची पारख शुद्ध पाण्यात किंवा सेंद्रिय द्रावकात झालेली असते, म्हणून आपल्या पाण्यात त्यांचा भरवसा धरता येत नाही.

राहिला प्रयोगशाळेचा मुद्दा. किनवट परिसराने सोसलेले फ्लोराइड किंवा शेतातून झिरपणारे नायट्रेट हे शिसे-पाऱ्यासारखे जड धातू नव्हेतच, ते या थेंबांना दिसणार कसे? भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत पाण्याची तपासणी होते. नमुना देताना जड धातूंची तपासणी हवी, असे स्पष्ट सांगावे आणि बाटलीही तिथूनच मागून घ्यावी, कारण या नमुन्यात पीएच (आम्लता दाखवणारा आकडा; जितका कमी तितके पाणी आम्ल) २ च्या खाली येईल इतके नायट्रिक आम्ल घालावे लागते. ते नसल्यास धातू बाटलीला आतून चिकटतो आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो.