‘बाई खूप प्रेमळ होत्या’, बरं, पुढे?

तीस-पस्तीस वर्षं शिकवलेल्या बाई किंवा सर गेले की जुन्या विद्यार्थ्यांच्या पोस्टचा पूर येतो. प्रेमळ, शिस्तप्रिय, हाडाचे शिक्षक, आम्हाला घडवलं. लिहिलेलं असतं अगदी मनापासून. पण नाव खोडून दुसऱ्या शिक्षकांचं घातलं तर त्यात एक काना-मात्राही बदलावी लागत नाही. त्यामुळे आठवणींचं पुस्तक काढायचं ठरलं असेल, तर विशेषणं गोळा करू नका. बाई वर्गात नेमकं काय करायच्या, ते गोळा करा.

फळ्याचा डावा भाग तास संपेपर्यंत पुसायचा नाही, कच्चं गणित उजवीकडे, असं काही होतं का? वहीत चूक सापडली की बरोबर उत्तर लिहून द्यायच्या, की चुकलेल्या पायरीखाली नुसती रेघ मारून वही परत करायच्या? प्रश्न विचारल्यावर किती वेळ थांबायच्या?

हा शेवटचा प्रश्न किरकोळ वाटेल, पण तसा नाही. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने वर्गातल्या संवादांची ध्वनिमुद्रणं तपासली आणि १९७०च्या दशकात निष्कर्ष मांडले. शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम १ सेकंद थांबतात. तेच ३ सेकंद किंवा जास्त थांबले, तर उत्तरं लांब होतात, ‘माहीत नाही’ कमी होतं आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागतात. ‘बाईंच्या तासाला भीती वाटायची नाही’ असं जे सगळे लिहितात, त्यामागे कदाचित एवढीच दोन सेकंदं असतील. पण ते विचारल्याशिवाय कळणार कसं?

आणि विचारायचं एकेकट्याला. आठवणी मागवायला व्हॉट्सॲप ग्रुप ही सगळ्यात वाईट जागा. पहिल्याने खडू फेकून मारल्याचा किस्सा टाकला की पुढचे चाळीस जण खडूच फेकतात. स्मरणशक्तीच्या अभ्यासात हे चांगलं माहीत आहे: माणसं एकत्र बसून जेवढं आठवतात, त्याहून तेवढ्याच माणसांनी वेगवेगळं बसून आठवलेल्याची बेरीज जास्त भरते. शिवाय दुसऱ्याचं ऐकलेलं हळूहळू ‘मी पाहिलं’ होऊन बसतं. म्हणून आधी स्वतंत्र बोलणं, मग ग्रुप.

दर पाच वर्षांच्या टप्प्यातले दोन-तीन विद्यार्थी घ्या, कारण पंचविशीतल्या बाई आणि पन्नाशीतल्या बाई एकच नसतात. त्यात निदान एक जण शेवटच्या बाकावरचा किंवा नापास झालेला हवाच. हुशार मुलं हौसेने बोलतात, पण शिकवणं कुठे तोकडं पडलं ते त्यांना ठाऊक नसतं. शेजारच्या वर्गावरचे शिक्षक आणि शिपाई यांना कुणी विचारत नाही. तास सुरू असताना बाहेर काय ऐकू यायचं, हे तेच सांगू शकतात.

‘बाई कशा होत्या?’ असं विचारलंत तर उत्तर ‘खूप छान’ हेच येणार. ‘वर्गात आल्यावर पहिली पाच मिनिटं काय चालायचं?’ असं विचारा आणि गप्प बसा. साल विचारू नका, ते हमखास चुकतं. इयत्ता, तुकडी आणि वर्गखोली विचारा. साल त्यावरून काढता येतं.

फोनवर रेकॉर्ड करताना एअरप्लेन मोड लावा, नाहीतर मधेच फोन येऊन रेकॉर्डिंग थांबतं. पंखा बंद, फोनखाली घडी घातलेला रुमाल, आधी एक मिनिट चाचणी. एका तासाचं बोलणं ऐकून लिहून काढायला निदान चार तास जातात. त्यामुळे पन्नास जणांचा उत्साह दाखवू नका, पंधरा पुरे.

मारायच्या का? मारत असतील तर तेही यावं. ‘त्यांचा मारही गोड होता’ हे वाक्य मात्र ज्याने मार खाल्ला त्याच्याच तोंडून आलं तर ठेवा, संपादकाने स्वतः घालू नये. ज्यांना तो गोड लागला नाही, ते बहुधा ग्रुपमध्ये नसतातच.

फोटोंचं काम कंटाळवाणं, पण इथेच सगळ्यात जास्त बिघडतं. ३ इंच रुंद जुना फोटो ६०० डीपीआयवर (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केला तर १८०० पिक्सेल मिळतात, म्हणजे छपाईत ३०० डीपीआयने ६ इंचांपर्यंत स्वच्छ येतो. तोच व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की दाबून लहान होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. जुन्या चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका, पानासकट स्कॅन करा. मागे लिहायचंच असेल तर मऊ पेन्सिलने, कडेला. बॉलपेनचा वळ पुढच्या बाजूला उठतो.

वर्गाच्या फोटोखाली नावं रांगेने, डावीकडून लिहा. ओळख पटत नसेल तिथे अंदाजाने नाव न घालता जागा रिकामी ठेवा. आता मात्र तो फोटो ग्रुपवर टाका. रिकाम्या जागा भरायला तो उत्तम.