खुलासा: आरएआर फाइल उघडायला विनरार विकत घ्यावं लागत नाही

‘आरएआर फाइल उघडायची तर विनरार विकतच घ्यावं लागतं’ असा मजकूर फिरतो आहे. तो चुकीचा आहे. आरएआर म्हणजे अनेक फाइली दाबून एकत्र बांधलेली फाइल, आणि विनरार हे ती बनवणारं व उघडणारं सॉफ्टवेअर. सेव्हन-झिप हे तसंच सॉफ्टवेअर मोफत आहे आणि आरएआर उघडतं. फक्त नवी आरएआर बनवत नाही. घरी तिची गरजही नसते: दुसऱ्याला पाठवायला झिप, स्वतःच्या साठवणुकीला सेव्हन-झेड (सेव्हन-झिपचा स्वतःचा फाइल-प्रकार). पासवर्ड लावताना झिपमध्ये एईएस-२५६ ही एन्क्रिप्शनची (फाइल कुलूपबंद करण्याची) पद्धत निवडा, झिपक्रिप्टो ही दुसरी पद्धत फार कमकुवत आहे. सेव्हन-झेडमध्ये ‘एन्क्रिप्ट फाइल नेम्स’वर खूण केली नाही, तर पासवर्डशिवायही आतल्या फाइलींची नावं दिसतात, आणि कधीकधी नावंच सगळं सांगून जातात. फाइल तुकड्यांत आली असेल तर सगळे तुकडे एकाच फोल्डरमध्ये ठेवून पहिला उघडा. सेव्हन-झिप आपोआप अपडेट होत नाही. नवी आवृत्ती त्याच्या अधिकृत साइटवरूनच उतरवा.